बोलणी गोड की तिखट?

मुंबईतील एका शाळेत मराठीचा तास चालू होता. बाई गृहपाठाच्या वह्या तपासत होत्या. दुसऱ्या बाकावरील एका मुलाची वही कोरी निघाली. बाईंनी कारण विचारताच तो उभा राहून म्हणाला, "बाई, काल खेळून उशिरा घरी गेलो. बाबांची फार बोलणी खाल्ली. मग गृहपाठ करावयास वेळच उरला नाही."

त्याच्या शेजारी एक नवा विद्यार्थी बसत असे. त्याच्या वडिलांची चेन्नईहून मुंबईस बदली झाली होती. त्याच्या घरी तमिळ बोलत. मराठी शिकू लागून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. शेजाऱ्याचे उत्तर त्याने लक्षपूर्वक ऐकले, क्षणभर विचार केला आणि हात वर करून मोठ्या आदराने विचारले, "बाई, बोलणी गोड असतात की तिखट?"

सारा वर्ग खो खो हसू लागला. नव्या मुलाचा चेहरा उतरला. आपले काय चुकले हे त्याला कळेना. तो मान खाली घालून बसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वर्ग शांत होऊ दिला आणि म्हणाल्या, "बाळ, बोलणी तिखट असतात. ज्याने ती खाल्ली त्यालाच विचार! तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. आता तुम्ही हसणारे सांगा पाहू. बोलणी ही ऐकावयाची गोष्ट. ती कानाने घ्यावी. मग 'बोलणी खाल्ली' असे तुम्ही का म्हणता? 'बोलणी ऐकली' असे का म्हणत नाही?"

वर्गातील एकही हात वर झाला नाही. जन्मापासून मराठी बोलणाऱ्या चाळीस मुलांना त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. कारण तो प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आपण ज्या घरात लहानाचे मोठे होतो, त्या घराच्या भिंतींचा रंग आपल्याला विचारला तर आपण गोंधळतो; पाहुण्याच्या तो लगेच ध्यानात येतो. भाषेचेही असेच आहे. नव्या मुलाच्या त्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की 'खाणे' या रोजच्या शब्दाचा केवढा मोठा संसार आहे हे दिसू लागते.

'खाणे' हा शब्द फार जुना आहे. संस्कृत भाषेतील 'खाद्' या धातूपासून प्राकृतात 'खा' हे रूप झाले आणि त्यापासून आपले 'खाणे' आले. खाद्य, खादाड, खाऊ, खाणावळ, खवय्या हे सारे त्याच्याच गोतावळ्यातील शब्द होत. अन्न तोंडात घालून, चावून, गिळणे हा 'खाणे' या शब्दाचा सरळ अर्थ. अशा सरळ अर्थाला वाच्यार्थ म्हणतात. 'मुलाने आंबा खाल्ला' या वाक्यात वाच्यार्थाखेरीज काही नाही. परंतु 'मुलाने मार खाल्ला' असे म्हणताच वाच्यार्थ लंगडा पडतो. कारण मार ही काही ताटात वाढावयाची वस्तू नव्हे. तेव्हा आपले मन सरळ अर्थ बाजूस सारते आणि त्याच्याशी नाते असलेला दुसरा अर्थ घेते. या दुसऱ्या अर्थाला लक्ष्यार्थ म्हणतात. हे सारे मनात इतक्या त्वरेने घडते की आपण एक अर्थ टाकून दुसरा घेतला याची आपल्याला जाणीवही होत नाही.

मात्र हा दुसरा अर्थ कोणीतरी लहर आली म्हणून जोडलेला नसतो. खाण्याच्या क्रियेकडे नीट पाहा. तिच्यात तीन गोष्टी घडतात. पहिली अशी की, खाल्लेल्या पदार्थाचे बरेवाईट खाणाऱ्यालाच भोगावे लागते. मिरची खाणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येते, पाहणाऱ्याच्या नाही. दुसरी अशी की, खाल्लेली वस्तू संपते. ताटातील भाकरी खाल्ली की ताट रिकामे होते. आणि तिसरी अशी की, बाहेरची वस्तू पोटात जाते व दिसेनाशी होते. ती पुन्हा परत मागता येत नाही. 'खाणे' या शब्दाचे बहुतेक लाक्षणिक अर्थ या तीन गोष्टींपैकी एकीवर उभे आहेत.

पहिली गोष्ट घेऊ. मार खाणे, लाथा खाणे, शिव्या खाणे, बोलणी खाणे, ठोकर खाणे या सर्वांत भोगण्याचा अर्थ आहे. जे समोर आले ते, आवडो वा न आवडो, पोटात घ्यावे लागले, असा त्यांचा भाव आहे. येथे व्याकरणाची एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'गोविंदाने मार खाल्ला' या वाक्यात गोविंदा हा कर्ता आहे. कर्ता म्हणजे क्रिया करणारा. परंतु गोविंदाने येथे केले काय? केले ते मारणाऱ्याने. गोविंदाने फक्त सोसले. वाक्यातील कर्ता आणि प्रत्यक्षातील सोसणारा एकच, असा हा चमत्कार 'खाणे' या क्रियापदाने घडविला आहे. नाव वादळात हेलकावे खाते, पोहता न येणारा माणूस पाण्यात गटांगळ्या खातो, दोर तुटलेला पतंग गोते खातो, तेव्हाही हीच स्थिती असते. नाव आपल्या इच्छेने हलत नाही. लाटा तिला हलवितात. पण आपण 'हेलकावे खाते' म्हणतो आणि त्या निर्जीव नावेचे हाल आपल्याला जाणवू लागतात.

आता दुसरी गोष्ट. खाल्ले की वस्तू संपते. म्हणून जे जे दुसऱ्या वस्तूला हळूहळू संपविते, ते ते तिला 'खाते'. गंज लोखंडाला खातो. वाळवी पुस्तके खाते. वाळवीच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. कागदातील व लाकडातील काष्ठद्रव्य हेच तिचे अन्न होय. गंजाला मात्र तोंड नाही आणि पोटही नाही. हवेतील प्राणवायू आणि ओलावा यांच्यामुळे लोखंडाचा पृष्ठभाग झिजत जातो, एवढेच घडते. परंतु भोके पडलेली जुनी बादली पाहिली की ती कोणीतरी कुरतडून खाल्ली असावी असेच वाटते. त्याच वाटेने पुढे गेले की न दिसणाऱ्या वस्तूही खाऊ लागतात आणि खाल्ल्या जातात. काळजी मनाला खाते. केलेली चूक माणसाला आतून खात राहते. नको त्या चौकशा वेळ खातात. वांगी तळू लागले तर ती फार तेल खातात, असे आई सांगते. घाईने बोलणारा मनुष्य शेवटची अक्षरे खातो. आणि तेच तेच प्रश्न विचारून पिच्छा पुरविणारा लहान भाऊ आपले डोके खातो!

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जे आपले नाही ते आत घेणे व दिसेनासे करणे, या अर्थानेही 'खाणे' हा शब्द वापरतात. 'त्या माणसाने पैसे खाल्ले' असे आपण मोठ्या माणसांच्या बोलण्यात ऐकतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम योजला त्याची दृष्टी फार तीक्ष्ण असली पाहिजे. पूल बांधण्यासाठी आलेल्या पैशांचा पूल व्हावयाचा होता. शाळेसाठी आलेल्या पैशांची बाके आणि फळे व्हावयाचे होते. ते झाले नाहीत. कारण ते कोणाच्या तरी पोटात गेले. उपाशी माणसाने खाल्लेली भाकरी त्याच्या अंगी लागते, ती त्याच्या हक्काची असते. येथे मात्र दुसऱ्याच्या ताटातील घास उचलला आहे. एवढा सारा ठपका 'खाल्ले' या एका साध्या शब्दात भरलेला आहे.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. एखादा तीक्ष्ण शब्द वारंवार वापरला की त्याची धार बोथट होते. 'पैसे खाणे' हे शब्द आज इतके सहज उच्चारले जातात की ऐकणारा कित्येकदा हसून सोडून देतो. 'चोरी केली' म्हटले तर तोच माणूस दचकेल. खाणे ही निरुपद्रवी, रोजची, घरगुती क्रिया. तिचे नाव दिल्याने अपराधही घरगुती वाटू लागतो. कायद्याची भाषा म्हणूनच निराळी असते. भारतात लाचलुचपतीविरुद्ध १९४७ साली कायदा झाला आणि त्याच्या जागी १९८८ साली नवा कायदा आला. न्यायालयात अशा कायद्याखाली 'लाच घेतली' किंवा 'अपहार केला' असा आरोप ठेवला जातो. 'पैसे खाल्ले' असा नाही. कारण न्यायालयाला कोणी, केव्हा, किती आणि कशासाठी घेतले हे नेमके सिद्ध करावयाचे असते. लोकांचा शब्द संताप व्यक्त करतो. न्यायालयाचा शब्द अपराध निश्चित करतो. दोहोंची गरज आहे. परंतु एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

याच अर्थाचा एक धागा फारसी भाषेकडे जातो. १३४७ साली दक्षिणेत बहामनी राज्य स्थापन झाले. त्यानंतर कित्येक शतके येथील कारभारात फारसी भाषेचा वापर होता आणि तिचे शेकडो शब्द मराठीत रुळले. फारसीत 'खुर्दन' म्हणजे खाणे. त्यावरून 'खोर' म्हणजे खाणारा. लाच खाणारा तो लाचखोर. येथपर्यंत अर्थ सरळ आहे. पण पुढे मराठी माणसाने हा 'खोर' आपलासा केला आणि खाण्याशी काही संबंध नसलेल्या शब्दांनाही तो जोडला. भांडण्याची सवय असलेला तो भांडखोर, चेष्टा करणारा तो चेष्टेखोर, दंगा करणारा तो दंगेखोर आणि बंड करणारा तो बंडखोर. 'बंडखोर' हा शब्द उच्चारताना त्यात एक खाणारा दडून बसला आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातील अनेक फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु लोकांच्या जिभेवर बसलेला हा इवलासा प्रत्यय तेथून हलला नाही.

फारसीत आणखीही पुष्कळ गोष्टी खातात. तेथे पराभव खातात, हवा खातात आणि शपथही खातात. शपथ खाण्याविषयी अभ्यासक एक नवलाची गोष्ट सांगतात. प्राचीन इराणात एखाद्यावर आरोप आला की त्याची परीक्षा घेण्यासाठी त्याला गंधक घातलेले पाणी पाजीत असत. फारसीत 'खुर्दन' हे क्रियापद खाणे आणि पिणे या दोहोंसाठी चालते. त्या परीक्षेवरून शपथ 'खाण्याचा' प्रयोग रूढ झाला. परीक्षा गेली, गंधकाचे पाणी गेले, पण शब्द राहिला. हिंदी आणि गुजराती बोलणारे आजही शपथ खातात. मराठी माणूस मात्र शपथ घेतो किंवा वाहतो, खात नाही. 'गम' या शब्दाची हकीकतही अशीच गमतीची आहे. फारसीत 'गम खाणे' म्हणजे दुःख करणे. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ बदलला. 'जरा गम खा' म्हणजे थोडी सबुरी धर, आलेला राग गिळून टाक. शब्द तोच, घास तोच; पण चव पालटली.

शेजारच्या भाषांकडे पाहिले म्हणजे आणखी मौज वाटते. कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलेही आपल्याप्रमाणेच मार 'खातात'. बंगाली मनुष्य पाणी आणि चहासुद्धा 'खातो'. आपण त्याला हसू, तर तो आपल्याला विचारील, "मग तुम्ही हवा कशी खाता?" इंग्रजीत 'आपले शब्द खाणे' म्हणजे बोललेले मुकाट्याने मागे घेणे, मराठीत शब्द खाणे म्हणजे अस्पष्ट बोलणे. चिनी भाषेत प्रेमातील मत्सराला 'शिरका खाणे' म्हणतात. शिरका म्हणजे आंबट आंबवलेला रस. मत्सरी माणसाचे तोंड आठवले तर ही कल्पना किती चपखल आहे हे कळते.

आणि तमिळ? त्या दिवशी बाईंनी नव्या मुलाला जवळ बोलावून विचारले, "तुमच्याकडे मार खात नाहीत, तर मग काय करतात?" तो थोडा संकोचला आणि म्हणाला, "आमच्याकडे मार विकत घेतात." आता सारा वर्ग कान टवकारून ऐकू लागला. त्याने फळ्यावर देवनागरीत लिहिले, 'अडि वांगु'. 'अडि' म्हणजे मार आणि 'वांगु' म्हणजे घेणे. बाजारातून वस्तू विकत घेण्यासही हाच शब्द. मार विकत घेणे! खोडी ही किंमत आणि मार हा माल. सौदा अगदी चोख! शेजारचा मुलगा म्हणाला, "म्हणजे काल मी उशीर देऊन बोलणी विकत घेतली!" वर्ग पुन्हा हसला, परंतु हे हसणे पहिल्यासारखे नव्हते.

आता आपण खेळाच्या मैदानाकडे वळू. वर सांगितलेले बहुतेक वाक्प्रचार जुने आणि प्रतिष्ठित आहेत. पण काही प्रयोग मुलांच्या, बाजाराच्या आणि मैदानाच्या बोलीत वाढले. 'फार भाव खाऊ नकोस' हे त्यांपैकी एक. भाव म्हणजे बाजारातील दर. ज्या मालाला मागणी जास्त त्याचा भाव चढतो. चार जणांनी आग्रह केल्याशिवाय जो गाणे म्हणत नाही, बोलाविले तरी जो मुद्दाम उशिरा येतो, तो जणू आपला दर वाढवून दाखवितो. अशा माणसाला 'भाव खातो' या दोन शब्दांत लोक जमिनीवर आणतात. पुढे हा प्रयोग वर्तमानपत्रांतही शिरला. टोमॅटो महागले की 'टोमॅटोने भाव खाल्ला' असे मथळे येतात. बाजारातून निघालेला शब्द मैदान फिरून पुन्हा बाजारात आला, तो दोन्ही अर्थ बरोबर घेऊन!

'माती खाणे' हा असाच दुसरा प्रयोग. ऐन वेळी चूक करून हातचा डाव घालविणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे कुस्ती तांबड्या मातीच्या आखाड्यात होते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानावर ज्याने कुस्ती पाहिली असेल त्याला पडणाऱ्या मल्लाचे अंग मातीने कसे माखते हे ठाऊक असेल. अशा दृश्यांत शोभणारा आणखी एक वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे. जिंकणारा प्रतिस्पर्ध्याला 'धूळ चारतो'. चारणे म्हणजे खावयास घालणे. एक चारतो आणि दुसरा खातो. 'माती खाणे' आणि 'धूळ चारणे' हे दोन प्रयोग असे एकमेकांसमोर उभे आहेत. मात्र 'माती खाणे' यात एक विशेष आहे. तेथे चारणारा कोणी नसतो. आपली माती आपणच खातो.

अर्थात, 'खाणे' या शब्दाचे सर्वच प्रयोग अशा रीतीने उलगडून दाखविता येतात असे नाही. संकट पाहून माणूस कच खातो, वाईट बातमीने हाय खातो, वादात पड खातो. दोन गोष्टींचा मेळ खातो. जुने दुखणे पुन्हा उचल खाते. तीन घरांत न मावणारे असे कित्येक पाहुणे या शब्दाच्या अंगणात उभे आहेत. भाषा ही शिस्तीची असली तरी ती गणिताच्या पुस्तकासारखी आखलेली नसते. ती अनेक पिढ्यांच्या वापराने, पायवाटेसारखी पडत जाते.

या पायवाटा कोणी पाडल्या? वाक्प्रचार घडविणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. शेतकरी, नावाडी, पैलवान, दुकानदार, स्वयंपाक करणाऱ्या बाया, अंगणात खेळणारी मुले या सर्वांनी ते घडविले. पंडितांनी पुढे ते गोळा केले. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने येथील शास्त्र्यांच्या साहाय्याने मराठी–इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ साली प्रसिद्ध झाला व १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध केले. दाते व कर्वे एवढ्यावर थांबले नाहीत; केवळ वाक्प्रचारांसाठी त्यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश हा स्वतंत्र कोशही सिद्ध केला. ज्या शब्दांना लोक 'साधे बोलणे' म्हणून सोडून देतात, त्यांना या मंडळींनी आयुष्याची वर्षे दिली.

मग काय, मैदानावरचा प्रत्येक शब्द वहीत लिहावा? नाही. शब्द वाईट किंवा चांगला असण्यापेक्षा तो योग्य जागी आहे की नाही हे अधिक महत्त्वाचे असते. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना 'धाकट्या भावाने डोके खाल्ले म्हणून अभ्यास झाला नाही' असे कोणी लिहिले, तर ते विनोदी होईल. तेथे 'धाकट्या भावाच्या त्रासामुळे' असेच लिहिले पाहिजे. उलट, खेळ ऐन रंगात आला असता एखादा गडी 'मित्रा, तू अकारण स्वतःचे महत्त्व वाढवीत आहेस' असे म्हणाला, तर तेही तितकेच हास्यास्पद होईल. तेथे 'भाव खाऊ नकोस' हेच खरे मराठी! लग्नाला जाताना आणि चिखलात खेळताना आपण निरनिराळे कपडे घालतो; त्यामुळे खेळण्याचे कपडे टाकाऊ ठरत नाहीत. ज्याच्याजवळ दोन्ही आहेत आणि कोणते केव्हा घालावयाचे हे ज्याला कळते, तोच नीटनेटका.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जे वाक्प्रचार आपल्याला अगदी सोपे वाटतात, तेच नव्याने भाषा शिकणाऱ्याला सर्वांत कठीण जातात. अवघड शब्द कोशात सापडतो. पण 'खाणे' हा शब्द कोशात पाहावा असे त्याच्या मनातही येत नाही, कारण तो त्याला येतच असतो! अशा वेळी तो अडखळला तर त्याला हसणे म्हणजे त्याच्यासमोर दार लावून घेणे होय. आपणही उद्या चेन्नईस, कोलकात्यास किंवा परदेशी जाऊ आणि तेथील भाषेत असेच अडखळू. तेव्हा कोणी दार उघडावे अशी आपलीही इच्छा असेल.

तुम्हीही या वाटेने थोडे चालून पाहा. 'मारणे' हे क्रियापद घ्या. बाण मारणे समजण्याजोगे आहे. पण गप्पा, थापा, शिट्टी, हाक, बुडी आणि दांडी या साऱ्या गोष्टी आपण का 'मारतो'? 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, नोकरी लागते आणि गाडीही लागते! घरातील वडील माणसांचे बोलणे ऐका, निरनिराळे प्रयोग वहीत टिपा आणि त्यांचे मूळ अर्थाशी कोणते नाते आहे ते शोधा. आजी–आजोबांच्या बोलण्यात असे काही प्रयोग सापडतील की जे आता फारसे ऐकू येत नाहीत. ते टिपून ठेवले नाहीत तर काळ ते खाऊन टाकील.

त्या शाळेतील नव्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून हा पाठ संपवू. पावसाळ्यानंतर शाळेत खो-खोचे सामने झाले. अखेरच्या डावात एक गडी बाद करावयाचा राहिला होता. नव्या मुलाने खांबाजवळ जोरात सूर मारला. परंतु गडी हातभर अंतराने निसटला, शिट्टी वाजली आणि सामना हातचा गेला. तो मुलगा तोंडावर ओल्या जमिनीवर पडला होता. सर्वजण धावले. तो उठून बसला, ओठांवरची माती पुसली आणि म्हणाला, "आज मी दोन्ही अर्थांनी माती खाल्ली!"

क्षणभर कोणी काही बोलले नाही आणि मग सारे मैदान हसू लागले. त्या दिवशी वर्गात सर्वजण हसले तेव्हा तो एकटा खाली मान घालून बसला होता. आज सर्वांत मोठ्याने तोच हसत होता. दुसऱ्या बाकावरच्या त्याच्या मित्राने त्याला हात देऊन उठविले आणि विचारले, "कशी होती? गोड की तिखट?"